कुलगुरूविना विद्याग्राम

व्हर्जिनिया या अमेरिकी राज्याने शार्लट्सव्हिल गावाजवळ स्थापन केलेल्या विद्यापीठात १८२५ साली अध्यापन सुरू झाले, आणि त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे, म्हणजे १९०४ पर्यंत, त्या विद्यापीठाला कुलगुरू नव्हता. अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रमुखाला ‘प्रेसिडेंट’ म्हणतात आणि त्याचे अधिकार भारतातील कुलगुरूच्या अधिकारांशी साधारणपणे जुळतात. हार्वर्ड, येल यांसारख्या जुन्या संस्थांत हे पद पूर्वीपासून होते, खुद्द व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजातही ते होते. शार्लट्सव्हिलला मात्र रोजचा कारभार प्राध्यापकांची सभा पाहत असे आणि त्या सभेचा अध्यक्ष प्राध्यापकांपैकीच एक असे. ही व्यवस्था अनवधानाने राहून गेलेली उणीव नव्हती. ज्याने तेथील इमारतींची मांडणी केली त्यानेच अधिकारांचीही मांडणी केली होती, आणि दोन्हींमागे एकच विचार होता. त्यामुळे या विद्यापीठाच्या परिसराचा इतिहास त्याच्या कारभाराच्या इतिहासापासून वेगळा काढून सांगता येत नाही.

या मांडणीचा कर्ता थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष आणि स्वतः नकाशे काढणारा हौशी वास्तुकार होता. त्याचे शिक्षण विल्यम अँड मेरी कॉलेजात झाले होते, जेथे संस्थेचे बहुतेक सारे व्यवहार एका मोठ्या विटांच्या इमारतीत चालत. अशा एकाच इमारतीला आग लागली तर सारी संस्था एका रात्रीत नाहीशी होते, साथीचा रोग एका खोलीतून सगळीकडे पोहोचतो आणि गोंगाट व घाण कोणालाच चुकत नाही, असे त्याचे मत बनले. विद्यापीठ हे एक मोठे घर नसावे, ते गावासारखे असावे, असे त्याने १८०५ मधील एका पत्रात लिहिले. १८१० मध्ये टेनेसीतील एका कॉलेजच्या विश्वस्तांना सल्ला देताना त्याने ही कल्पना अधिक तपशिलाने मांडली: प्रत्येक प्राध्यापकाला स्वतंत्र लहान घर, त्यातच वर्गाची खोली, घरांच्या मधल्या जागेत विद्यार्थ्यांच्या खोल्या, या सर्वांना जोडणारी छपराखालची वाट, आणि मध्यभागी गवताचे व झाडांचे मोकळे पटांगण. या सगळ्याला त्याने दिलेल्या नावाचे मराठी ‘विद्याग्राम’ असे करता येईल. गावात घरे निरनिराळी असतात आणि गरजेप्रमाणे एकेक वाढत जातात, ही गोष्ट त्याला व्यवहाराच्या दृष्टीनेही सोयीची वाटली, कारण कायदेमंडळाकडून पैसा एकदम मिळणार नाही हे तो जाणून होता.

६ ऑक्टोबर १८१७ रोजी पहिल्या घराची कोनशिला बसवली गेली, तेव्हा जेफरसन, माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन आणि त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो हे तिघेही उपस्थित होते. संस्था तेव्हा ‘सेंट्रल कॉलेज’ या नावाने खाजगी होती. जानेवारी १८१९ मध्ये राज्याच्या कायद्याने तिचे विद्यापीठ झाले आणि वर्षाला १५,००० डॉलरचे अनुदान ठरले. त्याआधी १८१७ मध्येच जेफरसनने विल्यम थॉर्नटन आणि बेंजामिन लॅट्रोब या दोन वास्तुविशारदांना पत्रे लिहून सल्ला मागितला होता. जेफरसनच्या मूळ रेखाटनात पटांगणाच्या तिन्ही बाजूंना सारख्याच दर्जाची घरे होती आणि मधोमध उठून दिसणारे असे काही नव्हते. डोळा कोठेतरी स्थिरावला पाहिजे, म्हणून उत्तरेकडच्या टोकाला घुमटाची मोठी इमारत असावी, असे लॅट्रोबने सुचवले आणि जेफरसनने ते मान्य केले. त्या मोक्याच्या जागी काय ठेवायचे याचे उत्तर मात्र जेफरसनचे स्वतःचे होते. अशा ठिकाणी प्रार्थनामंदिर असते किंवा संस्थेच्या प्रमुखाचा बंगला असतो. येथे ग्रंथालय आले. रोममधील पँथिऑन या प्राचीन देवळाच्या निम्म्या मापाने, ७७ फूट व्यासाची आणि तितक्याच उंचीची ही गोल इमारत बांधली गेली, तिला ‘रोटुंडा’ म्हणतात, आणि घुमटाखालच्या दालनात पुस्तके ठेवली गेली. प्रमुखासाठी या नकाशात जागाच नव्हती.

या नकाशाचा बाकीचा भागही बारकाईने पाहण्यासारखा आहे. रोटुंडापासून दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या हिरवळीला ‘लॉन’ हेच विशेषनाम मिळाले. तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अशी प्राध्यापकांची दहा घरे आहेत, त्यांना ‘पॅव्हिलियन’ म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये विद्यार्थ्यांच्या ५४ एकमजली खोल्या आहेत. खोल्यांसमोरून खांबांची सलग ओसरी जाते, त्यामुळे पावसातही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न भिजता जाता येते, आणि शिकवणारा व शिकणारा यांची दारे एकाच ओसरीवर उघडतात. प्रत्येक घराचे दर्शनी रूप मुद्दाम वेगळे ठेवले आहे, कारण ग्रीक आणि रोमन वास्तुकलेचे प्रकार विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर पाहता यावेत, अशी योजना होती. दक्षिणेकडे उतरताना दोन घरांमधले अंतर थोडे थोडे वाढत जाते, तरी रोटुंडाच्या पायऱ्यांवरून ती समान अंतरावर असल्याचा भास होतो. मागच्या बाजूला बागा आहेत आणि बागांच्या पलीकडे खोल्यांची आणखी एक-एक रांग, ‘रेंज’ या नावाची; तिच्यात सहा भोजनगृहे होती आणि त्यांपैकी एक तरी फ्रेंच कुटुंबाने चालवावे, म्हणजे जेवताना मुलांच्या कानावर फ्रेंच पडेल, अशी जेफरसनची इच्छा होती. बागांच्या भिंती नागमोडी आहेत, कारण एका विटेच्या जाडीची सरळ भिंत फार काळ उभी राहत नाही, तर वळणे घेत गेलेल्या भिंतीला तिचा बाकच आधार देतो आणि विटा वाचतात. दक्षिणेची बाजू पूर्ण मोकळी होती. लॉनवर उभे राहिले की नजर थेट डोंगरांपर्यंत जाई.

अधिकारांची रचना याच धर्तीवर झाली. सर्वांत वर राज्यपालांनी नेमलेल्या सात जणांचे मंडळ होते, त्याला ‘बोर्ड ऑफ व्हिजिटर्स’ म्हणत. मराठीत त्याला नियामक मंडळ म्हणणे योग्य ठरेल. मंडळाने आपल्यातून निवडलेल्या प्रमुखाला ‘रेक्टर’ हे नाव होते. पहिला रेक्टर जेफरसन आणि दुसरा मॅडिसन. जमीन, पैसा, नेमणुका आणि नियम हे विषय मंडळाकडे होते. शिस्त, अध्यापन आणि दैनंदिन व्यवहार प्राध्यापकांच्या सभेकडे. सुरुवातीच्या नियमांनुसार ही सभा दरवर्षी आपल्यातील एकाला अध्यक्ष निवडत असे. पुढे ही नेमणूक मंडळ करू लागले, तरी व्यक्ती प्राध्यापकच असे आणि अध्यक्षपदाच्या काळातही तिचे वर्ग चालूच राहत. प्रत्येक विषयाची ‘स्कूल’ म्हणजे स्वतंत्र शाखा होती आणि एका शाखेचा एक प्राध्यापक, अशी आठ शाखांची रचना ठरली होती. विद्यार्थ्याने कोणत्या शाखांत शिकायचे हे त्याने स्वतः ठरवायचे, आणि प्राध्यापकाचे उत्पन्न ठरलेला पगार, बिनभाड्याचे घर आणि आपल्या शाखेत आलेल्या विद्यार्थ्यांची फी असे तिहेरी असे. पाठ्यपुस्तके निवडण्याचा हक्कही प्राध्यापकाचाच होता. येथे जेफरसनच्या विचारातली एक तडजोड नोंदवली पाहिजे: राज्यशास्त्राच्या बाबतीत मात्र त्याने मॅडिसनशी पत्रव्यवहार करून वाचनाचे ग्रंथ मंडळाकडूनच ठरवून घेतले, कारण त्या विषयात आपल्या राजकीय मतांच्या विरुद्ध शिकवण दिली जाईल अशी त्याला भीती होती. इतर सर्व विषयांत ज्याने शिक्षकाच्या विवेकावर विश्वास टाकला, त्याने स्वतःच्या जिव्हाळ्याच्या विषयात तो टाकला नाही, हा त्या रचनेतला खरा दोष होता.

कुलगुरूचे पद नको, ही भूमिका जेफरसनला शेवटच्या महिन्यांत उघडपणे घ्यावी लागली. एप्रिल १८२६ मध्ये नियामक मंडळाने विल्यम वर्ट या नामांकित वकिलाला कायद्याचा प्राध्यापक म्हणून बोलावायचे ठरवले आणि तो यावा म्हणून त्याच्यासाठी विद्यापीठाच्या प्रेसिडेंटचे पदही निर्माण केले. जेफरसनने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून ठेवला. वर्टने दोन्ही पदे नाकारली, पद रद्दबातल झाले आणि तीन महिन्यांनी, ४ जुलै १८२६ रोजी, जेफरसनचा मृत्यू झाला. मंडळाच्या इतर सदस्यांनी तो प्रश्न त्यानंतर अनेक दशके पुन्हा उभा केला नाही, यावरून त्या एका नोंदीचे वजन लक्षात येते.

हे सारे उभे राहिले ते कर्जावर. राज्याच्या शिक्षणनिधीतून ६०,००० डॉलरची तीन कर्जे घेतली गेली, आणि खांबांचे शिरोभाग कोरायला इटलीहून कारागीर आणल्यावर स्थानिक दगड त्या कामाला निरुपयोगी ठरला, म्हणून अखेर कॅरारा येथून कोरलेले संगमरवरी शिरोभाग मागवावे लागले. परंतु बांधकामाचा सर्वांत मोठा भार ज्यांनी उचलला त्यांना ना पगार होता ना स्वातंत्र्य. जमीन सपाट करणे, माती मळून विटा भाजणे, लाकूड व दगड वाहणे ही कामे गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय माणसांनी केली, त्यांत मुलेही होती. विद्यापीठ सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांना आपले गुलाम आणायला मनाई होती, पण प्राध्यापक आणि भोजनगृहचालक यांच्याकडे ते होते, आणि खोल्या झाडणे, चुली पेटवणे, पाणी व सरपण पोहोचवणे हे सारे त्यांच्यावर अवलंबून होते. जमिनीच्या उताराचा फायदा घेऊन त्यांची कामाची आणि निजण्याची जागा घरांच्या तळघरांत व मागच्या बागांमध्ये ठेवली गेली, त्यामुळे लॉनवरून ती दिसत नसे. विद्याग्रामात समतेने राहणारे जे काही होते ते मूठभर गोरे पुरुष होते, आणि त्या समतेमागचे श्रम इतरांकडून सक्तीने करून घेतलेले होते. २०२० मध्ये रोटुंडाच्या पूर्वेला उभारलेल्या वर्तुळाकार स्मारकात अशा सुमारे ४,००० माणसांसाठी दगडात खुणा कोरल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणी लिहूनच ठेवली नव्हती.

अध्यापन ७ मार्च १८२५ रोजी सुरू झाले. पाच प्राध्यापक युरोपातून आणले होते आणि विद्यार्थी बहुधा दक्षिणेतील जमीनदारांचे, हुकूम सोडायची सवय असलेले, अकाली श्रीमंत झालेले मुलगे होते. विद्यार्थ्यांचे लहानसहान गुन्हे विद्यार्थ्यांनीच तपासावेत, अशी जेफरसनची अपेक्षा होती. पण मित्राविरुद्ध साक्ष द्यायला कोणी तयार होईना. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मुखवटे घातलेल्या विद्यार्थ्यांनी परकीय प्राध्यापकांविरुद्ध घोषणा देत लॉनवर दंगा केला आणि मध्ये पडलेल्या प्राध्यापकांवर विटा व काठ्या फेकल्या. तीन दिवसांनी जेफरसन नियामक मंडळासह विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभा राहिला, परंतु गहिवरून आल्यामुळे त्याला बोलता आले नाही. ज्यांना काढून टाकले गेले त्यांत त्याच्याच नात्यातला एक मुलगा होता. त्यानंतर गणवेश, पहाटे उठणे, पैसे जवळ न ठेवणे असे कडक नियम आले, आणि प्राध्यापकांच्या सभेचा अध्यक्ष दारू, जुगार, पिस्तुले व भोजनगृहांच्या तक्रारी यांच्या नोंदी करण्यात गुंतून गेला. या नोंदवह्या आजही उपलब्ध आहेत, आणि त्या वाचताना गणिताचा किंवा वैद्यकाचा विद्वान प्राध्यापक कोतवालीच्या कामात किती थकला असेल याची कल्पना येते. १२ नोव्हेंबर १८४० च्या रात्री कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस आपल्या पॅव्हिलियनबाहेर आले असता मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळी झाडली. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. शिक्षक आणि विद्यार्थी यांची दारे एका ओसरीवर असण्याची ही किंमत होती, पण प्राध्यापकांनी घरे सोडून दूर जाण्याचा मार्ग पत्करला नाही. १८४२ मध्ये त्यांच्या सभेने हेन्री सेंट जॉर्ज टकर यांच्या ठरावानुसार एक नवी पद्धत स्वीकारली: परीक्षेत कोणाचेही साहाय्य घेतले नाही, असे विद्यार्थ्याने आपल्या सन्मानाच्या शपथेवर उत्तरपत्रिकेत लिहून द्यायचे. यातूनच पुढे विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली ‘सन्मानपद्धती’ वाढली. जेफरसनला १८२५ मध्ये जे साधले नव्हते ते प्राध्यापकांच्या सभेने सतरा वर्षांनी साधले, आणि वरून हुकूम देणारा कोणी नसताना साधले, ही त्या व्यवस्थेची सर्वांत भक्कम बाजू आहे.

युरोपातून आलेल्या प्राध्यापकांपैकी प्राचीन भाषांचे जॉर्ज लाँग आणि गणिताचे टॉमस ह्यूइट की हे दोघे काही वर्षांतच इंग्लंडला परतून १८२८ मध्ये सुरू झालेल्या नव्या लंडन विद्यापीठात रुजू झाले. त्या संस्थेचे १८३६ मध्ये कॉलेज झाले आणि ‘लंडन विद्यापीठ’ हे नाव केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या वेगळ्या संस्थेला मिळाले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील १८५७ ची विद्यापीठे या दुसऱ्या नमुन्यावर बेतली गेली. त्यामुळे १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झालेल्या महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना शिकवले ते एल्फिन्स्टन कॉलेजाने. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली. मुंबईच्या सिनेटमध्ये सरकारने नेमलेले ‘फेलो’ म्हणजे सदस्य असत, त्यांत न्यायाधीश आणि अधिकारी पुष्कळ असत, आणि शिकवणाऱ्या माणसाला शिकवतो म्हणून तेथे जागा नसे. शिक्षकांनीच संस्था चालवावी हा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्षात आला तो विद्यापीठाबाहेर, १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांच्या पद्धतीतून. दोन्ही ठिकाणी समान दर्जा आणि आपसातील तीव्र मतभेद या गोष्टी सारख्याच आढळतात, मात्र पुण्याच्या प्रयोगाचा व्हर्जिनियाशी काही थेट संबंध नव्हता.

शार्लट्सव्हिलच्या परिसरात पहिला मोठा बदल १८५० च्या दशकात झाला. विद्यार्थ्यांची संख्या सहाशेपर्यंत गेली, पॅव्हिलियनमधल्या वर्गखोल्या अपुऱ्या पडल्या, आणि स्वयंपाकघराशेजारी रोज शंभर मुलांची ये-जा प्राध्यापकांच्या कुटुंबांना नकोशी झाली होती. रोटुंडाच्या मागे रॉबर्ट मिल्स याच्या योजनेनुसार एक लांबलचक जोडइमारत बांधली गेली, तिच्यात सभागृह आणि वर्ग गेले. एका मोठ्या इमारतीत सारे कोंबण्याचा धोका जेफरसनने ज्या कारणासाठी सांगितला होता त्याच कारणाने ही जोडइमारत संपली: २७ ऑक्टोबर १८९५ रोजी तिला लागलेली आग रोटुंडापर्यंत पोहोचली. मधला दुवा सुरुंगाच्या दारूने उडवून आग थांबवण्याचा एका प्राध्यापकाचा प्रयत्न फसला, आणि विद्यार्थी व प्राध्यापकांनी पुस्तके, चित्रे आणि जेफरसनचा संगमरवरी पुतळा ओढत बाहेर काढला. काही दिवसांतच प्राध्यापकांच्या सभेने पुनर्बांधणीची योजना मंडळापुढे ठेवली. रोटुंडा पुन्हा उभारावा, पण वर्गांसाठी नव्या इमारती लॉनच्या दक्षिण टोकाला बांधाव्यात, असे तिचे म्हणणे होते. न्यू यॉर्कचे वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांनी १८९८ पर्यंत त्या बांधल्या आणि डोंगरांपर्यंत जाणारी नजर अडली. त्या बाजूला ‘कॅनडा’ नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती, तीही या इमारतींमागे झाकली गेली. जी प्राध्यापकसभा विद्याग्रामाची राखणदार होती, तिच्याच शिफारशीने त्याची उघडी बाजू बंद झाली, याची खंत वाटते.

आगीनंतरच्या वर्षांत पैसा उभारणे, कायदेमंडळाशी बोलणी करणे, बांधकामे पाहणे अशी कामे इतकी वाढली की वर्षभरासाठी नेमलेल्या आणि रोज वर्ग घेणाऱ्या अध्यक्षाला ती झेपेनाशी झाली. १८७९-८० मध्ये येथेच कायदा शिकलेले वुड्रो विल्सन यांना प्रमुखपद देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. अखेर १९०४ मध्ये एडविन ऑल्डरमन हे पहिले प्रेसिडेंट निवडले गेले. त्यांच्यासाठी घर कोठे बांधायचे हा प्रश्न लगेच आला, कारण लॉनवर तशी जागा कधी ठेवलेलीच नव्हती. रस्त्यापलीकडच्या ‘कार्स हिल’ या टेकडीवर, व्हाइट यांच्याच संस्थेच्या नकाशानुसार, १९०९ मध्ये ते बांधून झाले. तेव्हापासून विद्यापीठाचा प्रमुख ग्रामाबाहेरच्या टेकडीवर राहतो, आणि लॉनवरच्या खोल्यांत विद्यार्थी व पॅव्हिलियनमध्ये काही प्राध्यापक अजून राहतात.

जून २०१२ मध्ये नियामक मंडळाच्या प्रमुखांनी प्रेसिडेंट टेरेसा सुलिव्हन यांना, खुली चर्चा न करता, राजीनामा द्यायला लावला. प्राध्यापकांच्या सिनेटने मंडळावर अविश्वास व्यक्त केला आणि मंडळाची बैठक रोटुंडात चालू असताना हजारो शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी लॉनवर जमले. जे पद जेफरसनला नको होते त्या पदावरील व्यक्तीसाठी त्याच्या पटांगणात प्राध्यापकसभा उभी राहिली होती, कारण प्रश्न पदाचा नसून शिकवणाऱ्यांना विचारल्याशिवाय निर्णय होण्याचा होता. २६ जून रोजी मंडळाने एकमताने सुलिव्हन यांना परत नेमले, आणि तो निर्णय त्यांनी रोटुंडाच्या पायऱ्यांवर उभे राहून लॉनवरच्या लोकांसमोर स्वीकारला.